मिरची न झोंबणाऱ्या बाई

उत्तर स्कॉटलंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात ६६ वर्षांच्या एक बाई हाताच्या शस्त्रक्रियेसाठी आल्या होत्या. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक लहानसे हाड असते. संधिवाताने तो सांधा पार झिजला की ते काढून टाकतात. शस्त्रक्रिया छोटी, पण भूल उतरल्यावरचा ठणका वाईट, म्हणून भूलतज्ज्ञ वेदनाशामकांची तजवीज आधीच करून ठेवतात. या बाईंचे म्हणणे असे की, मला त्यातले काही लागणार नाही. असे छातीठोकपणे सांगणारे रुग्ण कमी नसतात आणि संध्याकाळपर्यंत त्यातले बहुतेक जण गोळी मागतात. बाईंनी मागितली नाही.

वर्षभरापूर्वी त्यांचा खुब्याचा सांधा बदलला होता, तेव्हाही तेच घडले होते. त्या वेळी त्या डॉक्टरांकडे गेल्या त्या दुखते म्हणून नव्हे, तर पाय नीट चालेना म्हणून. तपासणीत सांधा पुरता निकामी झालेला दिसला. इतकी झीज झालेला माणूस एरवी जिना चढताना ओरडतो. भूलतज्ज्ञांनी मग नेटाने विचारपूस केली आणि एकेक गोष्ट बाहेर आली. आयुष्यभर कापले, भाजले, पण दुखले म्हणून कधी कळलेच नाही. भाजल्याचे कळायचे ते मांस जळाल्याचा वास आल्यावर. स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची त्या चावून खात. झोंबणे नाहीच, थोडा वेळ तोंडात सुखद ऊब जाणवे, इतकेच. जखमाही म्हणे लवकर भरत. चिंता मोजायच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण तळाशी, आणि विसराळूपणा मात्र भरपूर.

ही सगळी माहिती २०१९ मध्ये भूलशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या प्रकरणाकडे बहुतेकांनी ‘वेदना नसलेली स्त्री’ म्हणून पाहिले. मला त्यातली मिरची महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

वास कसा आला?

जन्मापासून वेदना न कळणारी माणसे वैद्यकाला आधीही ठाऊक होती. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास झाला. त्यांच्यात सोडियमच्या एका चॅनेलचे जनुक बिघडलेले होते. चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेले प्रथिनाचे दार. ते उघडले की विद्युतभारित कण आतबाहेर जातात आणि चेतापेशीत संदेश उमटतो. नॅव्ह १.७ नावाचे हे दार नसेल तर वेदनेचा संदेश चेतातंतूतून पुढे सरकतच नाही. पण हेच दार नाकातल्या वासाच्या पेशींनाही लागते. त्यामुळे त्या माणसांना वासही येत नाही.

आपल्या बाईंना वास येत होता. स्वतःचे मांस जळाल्याचा वास येऊन भाजल्याचे कळते, या एका तपशिलानेच ती शक्यता बरीच मागे पडते. रुग्णाची हकीकत नीट ऐकण्याला पर्याय नाही असे जुने डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी त्यांची जनुके तपासली, तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. दोन्हींचा संबंध एकाच विकराशी, म्हणजे एन्झाइमशी होता. त्याचे लांबलचक नाव फॅटी ॲसिड अमाइड हायड्रोलेज. संशोधक त्याला लाडाने ‘फा’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. पहिली गोष्ट साधी होती: फा-च्या जनुकात एका अक्षराचा असा बदल, ज्याने विकर कमजोर बनते. हा बदल पुष्कळ लोकांत असतो आणि ते आपले व्यवस्थित दुखत-खुपत जगतात. दुसरी नवी होती. फा-च्या जनुकाच्या पुढे, थोड्या अंतरावर, डीएनएचा सुमारे ८ हजार अक्षरांचा तुकडा बाईंच्या एका गुणसूत्रातून गायब होता. तिथे एक जनुक होते, जे तोवर निरुपयोगी अवशेष समजले जाई. त्याला ‘फा-आउट’ असे नाव मिळाले. इंग्रजी बोलीतल्या ‘भन्नाट’ अर्थाच्या शब्दाशी ते जुळते, तेव्हा बारशाला कोणीतरी मिश्कील हजर असणार.

बाईंच्या मुलात तो तुटलेला तुकडा आहे, पण अक्षराचा बदल नाही. त्यालाही वेदना काहीशी कमी कळते, आईइतकी कमी मात्र नाही. मुलीला सर्वांसारखेच दुखते. म्हणजे दोन्ही बिघाड एकत्र आले तेव्हाच हे चित्र पुरे झाले.

आनंदाचे तेल

फा-चे काम काय? शरीर स्वतः तयार करते अशा काही स्निग्ध रेणूंचे तुकडे करणे. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध रेणू आनंदामाइड. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून तो वेगळा काढला गेला. भांगेतला मादक घटक मेंदूत ज्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनावर, बसतो, त्याच सीबी-१ ग्राहीवर बसणारा हा शरीराचा स्वतःचा रेणू. नाव ठेवताना त्यांनी संस्कृतमधला ‘आनंद’ घेतला. आपल्याला ते नाव समजावून सांगावे लागत नाही, हा एक फायदाच.

बाईंच्या रक्तात आनंदामाइडचे आणि त्याच्या भाऊबंद रेणूंचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले होते. फोडणारे विकर कमी, म्हणून रेणू जास्त. इथवर गोष्ट सरळ वाटते: शरीरातली भांग वाढली, वेदना कमी झाली, मन निश्चिंत झाले, विसराळूपणा आला. वर्तमानपत्रांनी ती अशीच छापली.

पण मिरची इथे आडवी येते.

१९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतल्या कॅप्सायसिनचे दार शोधून काढले. टीआरपीव्ही-१ असे त्याचे नाव. हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेने उघडते. म्हणूनच मिरची आणि चटका या दोन्हींना आपण ‘आग’ हा एकच शब्द वापरतो. या शोधाला २०२१ मध्ये नोबेल मिळाले. आता १९९७ पासून दोन वर्षे पुढे या. १९९९ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी दाखवले की आनंदामाइडनेही हेच दार उघडते. म्हणजे शरीराच्या आनंदाच्या तेलाची किल्ली मिरचीच्या कुलपालाही लागते. मग ज्या बाईंच्या अंगात हे तेल जास्त, त्यांच्या सर्वांगाची आग व्हायला हवी. प्रत्यक्षात त्यांना खरी मिरचीदेखील झोंबत नाही.

या प्रकरणाचा खरा पेच हा आहे, आणि ‘भांग वाढली’ एवढ्या उत्तराने तो सुटत नाही.

दार तेलात बुडालेले असते

चॅनेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीत बसवलेले दार येते. भिंत निमूट, हालचाल फक्त दाराची. टीआरपीव्ही-१ च्या बाबतीत हे चित्र फसवे आहे. पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंचेच बनलेले असते आणि ते रेणू दाराच्या कामात सारखे हात घालतात. २०१३ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या चॅनेलची रचना दिसली. २०१६ मध्ये त्याला आवरणाच्या छोट्या चकतीत ठेवून पुन्हा पाहिले, तेव्हा कॅप्सायसिन जिथे बसते त्या खोबणीत आधीच कोणीतरी ठाण मांडलेले आढळले. तो आवरणातलाच एक स्निग्ध रेणू होता, फॉस्फॅटिडिल-इनोसिटॉलच्या घराण्यातला. तो बसलेला असतो तेव्हा दार मिटून राहते. मिरची त्याला उठवून त्याची जागा घेते, मग दार उघडते.

म्हणजे दार बंद ठेवणारे तेल, दार उघडणारेही तेल. आनंदामाइड त्या खोबणीत शिरू पाहणारे आणखी एक, तेही दुबळे. सीबी-१ ग्राहीवर त्याचे काम फार थोड्या मात्रेत होते. मिरचीच्या दारासाठी त्याहून कितीतरी जास्त मात्रा लागते, आणि तेव्हाही ते कॅप्सायसिनइतके दणक्यात उघडत नाही. शिवाय ही खोबणी आवरणाच्या आतल्या अंगाला आहे. पेशीच्या आत आनंदामाइड किती टिकते यावर सगळे अवलंबून, आणि आत ते फोडायला फा तयार बसलेले असते.

वेदना टिपणाऱ्या बऱ्याच चेतापेशींवर सीबी-१ आणि मिरचीचे दार शेजारी शेजारी असतात. शांत काळात थोडे आनंदामाइड आधी सीबी-१ वर बसते. त्यातून कॅल्शियमची काही दारे मिटतात, पोटॅशियमची काही उघडतात, पेशी मंदावते. मात्रा वाढली तर तेच तेल शेजारचे दार ढकलू लागते. एकच रेणू, एकाच पेशीवर, ब्रेकही आणि ॲक्सिलरेटरही.

सूज आली की हा तोल ढळतो. जखमेच्या जागी ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन वगैरे रसायने जमतात. त्यांच्यामुळे पेशीतली किनेज विकरे चॅनेलवर फॉस्फेट चिकटवतात. त्यानंतर दार ४३ अंशांची वाट पाहत नाही, अंगाच्या साध्या उष्णतेलाही ते किलकिले होते. उन्हाने भाजलेल्या पाठीवर कोमट पाणी पडले तरी आपण किंचाळतो, ते यामुळे. मराठीत याला नेमका शब्द आहे: हुळहुळणे. अशा हुळहुळलेल्या दारावर एरवी दुबळे असलेले आनंदामाइडही जोरदार ठरते.

आणि सुजेच्या जागी ते एकटे नसते. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास दाखवले की उंदराची त्वचा तापवली की तिच्यातल्या लिनोलेइक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन काही पदार्थ बनतात आणि ते मिरचीचे दार उघडतात. लिनोलेइक आम्ल म्हणजे सूर्यफुलाच्या किंवा करडईच्या तेलात असते तेच. चटका बसतो तो उष्णतेने, हे खरे. पण त्वचा स्वतःच्या मेदातून जणू मिरची तयार करते, हेही खरे. लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल नावाचा आणखी एक स्निग्ध रेणू थेट याच चॅनेलला चिकटतो, हे २०१२ मध्ये कळले. ऑक्सिडीकरणाने सडलेल्या मेदातून निघणारे अल्डिहाइड टीआरपीए-१ या शेजारच्या दाराला भिडते, ज्याला मोहरीचा झणकाही कळतो. २०१६ मध्ये एका फ्रेंच गटाने तर संधिवाताच्या रुग्णांच्या दुखऱ्या सांध्यातले पाणीच तपासले. आम्लाने उघडणारे एएसआयसी-३ हे दार त्या पाण्याने उघडले, पाणी आम्लधर्मी नसतानाही. दोषी निघाला लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन, पुन्हा एक स्निग्ध रेणू.

उलट बाजूचेही रेणू आहेत. मासळीच्या तेलातल्या ओमेगा-३ आम्लांपासून शरीर रिझॉल्विन बनवते. त्यातले काही अत्यल्प मात्रेत टीआरपीव्ही-१ आणि टीआरपीए-१ यांना शांत करतात. म्हणजे अमुक तेल वेदनेचे, तमुक आरामाचे, अशी रेघ मारायला गेलो की ती लगेच पुसली जाते.

सुखद ऊब

आता परत बाईंच्या मिरचीकडे. ऊब ‘थोडा वेळ’ जाणवते, हे शब्द मला फार बोलके वाटतात. दार मुळातच नसते तर काहीच जाणवले नसते. म्हणजे दार आहे, उघडतेही, पण लगेच मिटते.

हे मिटणे सगळ्यांच्याच अंगात असते. टीआरपीव्ही-१ उघडले की कॅल्शियम आत धावते. ते कॅल्शियम एका विकराला जागे करते, आणि ते विकर आवरणातला फॉस्फॅटिडिल-इनोसिटॉलचाच एक फॉस्फेटवाला भाऊ खर्ची घालते. दाराला उघडे राहायला हा रेणू लागतो, असे बरेच प्रयोग सांगतात. शिवाय कॅल्सिन्युरिन नावाचे विकर चॅनेलवरचे फॉस्फेट काढून टाकते. दार मग थकते. तिखट खाऊन थोडा वेळ थांबले की पुढचा घास पहिल्याइतका झोंबत नाही, त्याचे हेच कारण. ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टी चेतावेदनेवर, म्हणजे चेतातंतूच बिघडल्याने होणाऱ्या दुखण्यावर, वापरतात, तीही या थकव्याचा टोकाचा उपयोग करते: आधी तासभर आग, मग त्या जागची चेताटोके काही आठवडे गप्प.

माझे वाचन असे: ज्या शरीरात आनंदामाइड जन्मभर थोडे जास्तच राहिले, तिथे मिरचीचे दार सतत हलकेसे ढकलले जात असणार, आणि सतत ढकलले गेलेले दार अर्धे थकलेले राहते. वर सीबी-१ चा ब्रेक आहेच. आनंदामाइडचे भाऊ असलेले पामिटोइल आणि ओलिओइल इथेनॉलअमाइड सूज कमी करणाऱ्या दुसऱ्याच ग्राहींवर काम करतात, म्हणजे हुळहुळणेही कमी. कोणत्याही एका कारणाने हे प्रकरण उलगडत नाही. जे एकाच कारणाने उलगडले असे समजले गेले, त्याचे काय झाले ते पाहू.

औषध का चालले नाही

बाई डॉक्टरांच्या नजरेस येण्याच्या खूप आधीपासून औषध कंपन्या फा-च्या मागे होत्या. २००१ मध्ये फा नसलेले उंदीर तयार झाले होते. त्यांच्या मेंदूत आनंदामाइड १५ पट होते आणि त्यांना वेदना कमी कळत होती. हिशेब सोपा दिसला: फा रोखणारी गोळी द्या, आनंदामाइड वाढवा, वेदना घालवा.

फायझरने अशी गोळी बनवली. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना ती २ आठवडे दिली आणि तुलनेला नॅप्रोक्सेन हे जुने वेदनाशामक ठेवले. २०१२ मध्ये निकाल छापून आले. गोळीने विकर ९६ टक्क्यांहून अधिक बंद पाडले, रक्तातले आनंदामाइड चांगलेच वाढले, आणि गुडघा दुखायचा तसाच दुखत राहिला. नॅप्रोक्सेनने मात्र आराम पडला. या चाचणीइतका स्वच्छ पराभव औषधशास्त्रात क्वचित दिसतो. औषध पोचले नाही, विकर बंद झाले नाही, तेल वाढले नाही, अशी एकही पळवाट उरली नाही. तेल वाढले होते, तरी दुखत होते.

का, याची कारणे वरच्या मजकुरातच आहेत. सुजलेल्या सांध्यात दार आधीच हुळहुळलेले असते. तिथे जास्तीचे आनंदामाइड ब्रेकही दाबते आणि दारही ढकलते. फा-ची वाट अडवली की आनंदामाइड दुसऱ्या वाटांनी जाते. सुजेच्या जागी वाढलेले कॉक्स-२ विकर त्याच्यापासून प्रोस्टाग्लँडिनसारखे पदार्थ बनवते, तर लिपॉक्सिजिनेज मिरचीच्या दाराला चालणारे आणखी काही. आणि दोन आठवडे म्हणजे ६६ वर्षे नव्हेत.

जानेवारी २०१६ मध्ये तर अनर्थ झाला. फ्रान्समधल्या रेन शहरात फा रोखणाऱ्या दुसऱ्या एका रेणूची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू होती. जास्त मात्रेच्या गटातल्या एकाचा मृत्यू झाला आणि इतर काहींना मेंदूची गंभीर इजा झाली. पुढच्या वर्षी दिसून आले की तो रेणू फा-शिवाय मेद फोडणारी इतरही बरीच विकरे बंद पाडत होता. फायझरच्या गोळीत तो दोष नव्हता, हे इथे सांगायलाच हवे. दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते.

चॅनेललाच थेट कुलूप लावण्याचे प्रयत्नही झाले. टीआरपीव्ही-१ बंद करणाऱ्या औषधांनी काही रुग्णांना ताप आला, कारण हे दार शरीराचे तापमान सांभाळण्यातही भाग घेते. शिवाय चटका उशिरा कळू लागला. बाईंच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणा पाहिल्या असत्या, तर हे दुसरे आश्चर्य वाटले नसते.

एक गंमत नोंदवून ठेवतो. पॅरासिटामॉल यकृतात मोडते, त्याचा एक तुकडा मेंदूत जातो आणि तिथे फा-च त्याला ॲराकिडोनिक आम्लाशी जोडते. तयार होणारा रेणू मेंदूतल्या टीआरपीव्ही-१ वर काम करतो. हे २००५ पासून माहीत आहे. म्हणजे फोडणारे विकर इथे जोडणारे होते, आणि त्वचेतल्या चेतांवरचे जे दार उघडल्याने आग होते, तेच मेंदूत उघडल्याने आराम पडतो. बाईंना शस्त्रक्रियेनंतर दिलेले औषध पॅरासिटामॉलच होते. ज्यांच्या अंगात फा-चीच टंचाई, त्यांना सोपवलेल्या औषधाला फा-चीच गरज. त्यांना ते लागतच नव्हते म्हणून बरे.

पुढे

२०२३ मध्ये त्याच लंडनच्या गटाने फा-आउटचे काम उलगडले. त्या तुकड्यातून प्रथिन बनत नाही, आरएनए बनतो, आणि तो फा-चे जनुक किती जोरात चालावे हे ठरवतो. तुकडा गेला की फा मंदावते. पण बाईंच्या त्वचेतल्या पेशी तपासल्या तर बदल फा-पाशी थांबलेले नव्हते. शेकडो जनुकांची पातळी बदललेली होती. त्यात जखम भरण्याशी आणि हाडांच्या वाढीशी संबंधित डब्ल्यूएनटी मार्गाची जनुके होती, मनःस्थितीशी जोडली जाणारीही होती. लवकर भरणाऱ्या जखमा ही नुसती बढाई नव्हती, असे मानायला आता जागा आहे.

डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र त्यांच्या कागदावर सगळ्यात वर लिहायची गोष्ट वेगळीच. या रुग्णाला ‘दुखते का?’ हे विचारून काहीही कळणार नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके पिकले, प्लॅस्टर घट्ट बसून रक्त अडले, पोटात आंत्रपुच्छ सुजले, तर यातले काहीच त्या सांगणार नाहीत. त्यांच्याकडे ताप, लाली, सूज आणि क्ष-किरण पाहूनच वागायला हवे. चुलीजवळ काम करून आल्यावर हात उलटेपालटे करून बघायचे, तेही रोज. खुब्याचा सांधा कुरकुरला नाही, सरळ मोडकळीला आला, आणि त्यांना कळले ते पाऊल उचलेना तेव्हा.